बाहेरून लावलेलं कुलूप

आधी माफी मागतो. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहितात ती निवृत्त माणसं. मागे एका पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं, त्याआधी मुलींच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी. माझ्याकडे पेन्शन नाही आणि अजून धड नोकरीही नाही. मी शिकतोच आहे, आणि शिकता शिकता जे काम पदरात पडलं तेवढंच माझं कामाचं आयुष्य. त्यात विषय म्हातारपणाचा. म्हणजे ज्यांनी ते वय पाहिलंय ते वाचणार, आणि ज्याने पाहिलेलं नाही तो लिहिणार. संपादककाकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, म्हातारपण आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पोरं घरोघर जाऊन आमच्यासारख्यांकडे बघून काय लिहून नेता, ते आम्हाला ठाऊक नाही. ते लिही." त्यांच्या बोलण्यात थोडा संशय होता. असा संशय मला चांगलाच ओळखीचा झालाय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही कल्याण पूर्वेला राहतो. वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला, आई शाळेत मुलांना खिचडी वाढते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए.चा सगळा अभ्यास विहाराच्या अभ्यासिकेत केला. समाजशास्त्र घेतलेलं, त्यामुळे पुढे काय, हे मलाही माहीत नव्हतं आणि घरातही कोणाला नव्हतं. तेवढ्यात ठाण्याच्या एका कॉलेजात नवा अभ्यासक्रम निघाल्याचं कळलं. नाव लांबलचक होतं: लोकसंख्येचं वृद्धत्व आणि दीर्घकालीन देखभाल, बहुशाखीय प्रशिक्षण. आईने वडिलांना ते मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाली, "म्हणजे म्हातारं व्हायला शिकवतात? ते तर फुकटात होतं." शेजारच्या दादाने विचारलं, "आणि तुला नोकरी कोण देणार? म्हातारे?"

त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज थोडंफार देता येतं. घरात पोरं कमी झाली, आयुष्य लांबलं, आणि सांभाळणारी माणसं सकाळी कामाला बाहेर पडतात. एवढं झालं की लोकसंख्या म्हातारी होते. दीर्घकालीन देखभाल म्हणजे जे दुखणं औषधाने बरं होणार नाही, त्या दुखण्यासकट माणसाला रोज उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, संडासला नेणं, आणि हे वर्षानुवर्षं करणं. हॉस्पिटल यातलं काहीच करत नाही. करतं ते घर. घरात जी कोण बाई असेल ती.

बहुशाखीय म्हणजे एका बाकावर निरनिराळ्या विद्यांची पोरं. आमच्या गटात नर्सिंगची प्रतीक्षा, फिजिओथेरपीची फरहीन, कायद्याचा ओंकार आणि मी. शिकवायला डॉक्टर येत, वकील येत, अर्थशास्त्राचे सर येत, आणि प्रत्येकजण सांगून जाई की खरा प्रश्न त्याच्याच विषयाचा आहे. वर्ग सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमनी एक नियम घालून दिला होता. गटाला एक घर मिळेल. पहिली तपासणी प्रत्येकाने एकट्याने जाऊन करायची, आणि चौघांच्या तपासण्या होईपर्यंत एकमेकांशी त्या घराबद्दल बोलायचं नाही. कारण एकाने मत बनवलं की बाकीचे त्याच्याच चष्म्यातून बघायला लागतात. मला नियम फार आवडला होता. ओंकारसमोर माझं मत टिकलं नसतं, एकट्याचं निदान कागदावर तरी उतरलं असतं.

या कोर्समध्ये आणखी एक गोष्ट शिकवतात, ती म्हणजे संशय घ्यायला. म्हाताऱ्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरंच कोणी देतंय का, बघा. काळानिळा डाग कुठे आहे, बघा. कोण खोलीत आलं की बोलणं थांबतं, ते बघा. हे शिकल्यावर माझे डोळे बिघडले. लग्नात जेवायला बसलो तरी समोरच्या आजोबांच्या मनगटाकडे बघायचो. एकदा आत्याच्या घरी तिच्या सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही पोटभर जेवता ना?" आत्या महिनाभर बोलली नाही. आई म्हणाली, "आता आमच्यावर पण रिपोर्ट लिहिणार काय रे?"

संशय आमच्याकडूनच असतो असं मात्र नाही. ठाण्यात एका निवृत्त साहेबांकडे सरावासाठी मला आणि ओंकारला एकत्र पाठवलं होतं. साहेबांचं मराठी ऐकत राहावं असं. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. "मूळचे कुठले आपण?" गाव सांगितलं. "असं होय," म्हणाले आणि पुढे सगळी उत्तरं ओंकारला दिली. प्रश्न मी विचारत होतो. ओंकारच्या ते लक्षातही आलं नाही, तो भराभर लिहून घेत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, "मस्त कोऑपरेट केलं ना त्यांनी!" मी हो म्हणालो.

आमच्या गटाला मिळालेलं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. तांडेल आजोबा, आजी, त्यांची सून सुजातावहिनी. मुलगा ट्रकवर, आठवड्यातून एखादा दिवस घरी. आजींनी जन्मभर बाजारात मासळी विकली. वहिनी माजिवड्याला कपड्यांच्या दुकानात कामाला. त्या भागातल्या एका डॉक्टरांना वहिनींनी सांगितलं होतं की सासूबाई विसरायला लागल्यात, घराबाहेर निघून जातात. डॉक्टरांनी ते नाव आमच्या कॉलेजला दिलं.

पहिली पाळी माझी. जिना चढून गेलो तर दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार इतक्यात आतून भांड्याचा आवाज आला. मी कडी वाजवली. जाळीच्या खिडकीत एक म्हातारा चेहरा आला.

"कोन हाय?"

"मी कॉलेजातून आलोय. ठाण्याहून."

"बिल्डरचा मानूस काय?"

"नाही आजोबा, विद्यार्थी आहे."

"बिल्डर पन विद्यार्थीच पाठवतंय आता. शिकलेलीच पोरं पाठवतंय. सून आल्यावर ये."

इमारतीला पालिकेने धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली होती, त्यामुळे अनोळखी चेहऱ्याला तिथे सगळेच बिल्डरचा माणूस समजत. समोरचं दार किलकिलं झालं. समोरच्या काकू म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही हां. लोकांच्या घरातलं मला काय करायचंय? पण रोज असंच. सून सकाळी कुलूप ठोकते आणि जाते. दोन जिवंत माणसं आत. तुम्ही आपले बघा काय ते."

मी बघितलं. कुलूप मोठं होतं, पितळी, नवीन. घरी येईपर्यंत माझ्या मनात वहिनींचा खटला उभा राहून निकालही लागला होता, आणि मी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं.

वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी परत गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊ लागल्या. आंघोळ कोण घालतं? मी. जेवण? मी. औषधं? मी. आजोबा कोपऱ्यात गुडघा धरून गप्प. आजी पलंगावर पाय सोडून बसलेल्या, कपाळाला मोठं कुंकू, आणि डाव्या मनगटावर निळसर डाग. ते सगळं मी लिहून घेतलं.

मग स्मरणाची चाचणी. ती अगदी साधी असते. पाच शब्द सांगायचे, म्हणवून घ्यायचे, मधे पाच मिनिटं दुसरं काहीतरी बोलायचं, आणि मग न सांगता ते शब्द परत विचारायचे. माझ्या कागदावर शब्द होते: छत्री, पेरू, खुर्ची, नदी, पितळ. आजींनी ऐकले. पाच मिनिटांनी विचारल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"छत्री," म्हणाल्या. मग, "खाडी."

"नदी, आजी."

"खाडी. नदी कुठं हाय हितं?" आणि मग एकदम आवाज चढवून, "घेनार हायस काय तू? घेनार नसशील तर हात लावू नको. सकालपासून दाबून दाबून बघतंय बेनं!"

मी घाबरून पेन खाली ठेवलं. वहिनी हसल्या नाहीत. आजोबा मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे टक लावून बघत होते. जाताना त्यांनी विचारलं, "यात कमी पडलं तर काय करतान?"

"काही नाही आजोबा. फक्त समजून घेतो."

"कोन कशाला समजून घेईल फुकटचं?" म्हणाले आणि पाठ फिरवली.

पुढच्या आठवड्यांत प्रतीक्षा गेली, मग ओंकार, शेवटी फरहीन. नियमाप्रमाणे कोणीच कोणाला काही बोललं नाही. मग चौघांची एकत्र बैठक झाली.

ओंकारने तयारीच करून आणली होती. "स्मृती उत्तम. पाचही शब्द आठवले. म्हणजे सून खोटं बोलतेय. विसरतात, निघून जातात, सगळं बनवलेलं. धडधाकट बाईला कोंडून ठेवलंय. मनगटावर खूण आहे. इमारत पडायला आलीय, फ्लॅट आजींच्या नावावर आहे. अजून काय पुरावा हवा?"

प्रतीक्षा म्हणाली, तिच्या वेळी चार आठवले. फरहीन म्हणाली, "पाच, आणि मी विचारायच्या आधीच म्हणून दाखवले."

"माझ्या वेळी एकच आला," मी म्हणालो. "आणि नदीचं खाडी केलं."

"तू पहिला गेलेलास ना, बुजल्या असतील," ओंकार म्हणाला. "किंवा तू नीट विचारलं नसशील. सोड ना."

मी सोडलं. ओंकारचे आजोबा वकील, वडील वकील. तो बोलला की मला माझंच ऐकलेलं चुकीचं वाटायला लागे. तक्रारीचा मसुदा त्याने तिथेच लिहिला. पोलीस जातील, वृद्धांसाठी नेमलेले अधिकारी जातील. आजींना काही दिवस सुरक्षित जागी हलवतील. सुरक्षित जागा म्हणजे संस्था. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर थांबा, मग ठरवू.

पण ती खाडी माझ्या डोक्यातून जाईना. विसरणारं माणूस आठवड्या-आठवड्याला सुधारत कसं जातं? ज्या बाईने माझ्याशी भांडून नदीची खाडी केली, ती पुढे तिघांना निमूटपणे नदी कशी म्हणते? मला पुन्हा वहिनींचाच संशय आला. वाटलं, आम्ही येणार म्हणून त्या आधी दटावून ठेवत असतील. मॅडमच्या खोलीबाहेर मी बराच वेळ उभा होतो. आत गेलो तेव्हा सांगायचं होतं तसं सांगता आलं नाही, नुसते चौघांचे कागद त्यांच्या टेबलावर मांडले.

मॅडमनी एकामागून एक वाचले. मग विचारलं, "तुम्ही चौघांनीही हाच संच वापरलात?"

"वर्गात हाच मिळाला होता मॅडम."

"दुसरे संच कपाटात आहेत. चार माणसं एकाच घरी जाणार तर शब्द बदलायचे असतात." मग म्हणाल्या, "पण तुम्ही एकमेकांना विचारणार कसे? बोलायचं नाही असं मीच सांगितलं होतं."

ओंकारने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग काय झालं? ऐकून ऐकून पाठ झाले असतील. पाठ होतात म्हणजे स्मृती आहेच ना!" मॅडमनी वेगळ्या शब्दांचा संच काढून दिला आणि मला नि प्रतीक्षाला परत जायला सांगितलं. तक्रार पाठवायची की नाही, ते या भेटीवर ठरणार होतं.

आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ती कोणी पोचवली माहीत नाही. समोरच्या काकूंना प्रतीक्षाने विचारलं होतं की वेळ आली तर तुम्ही सांगाल का, एवढंच. वहिनींनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"या. तक्रार करताय म्हणे माझी?"

"अजून काही ठरलं नाही वहिनी," प्रतीक्षा म्हणाली.

"ठरवा ना. ठरवा. पोलीस आणा, पेपरात द्या. फक्त जाताना म्हातारीला पण घेऊन जा. ठेवा तुमच्या कॉलेजात, बाकावर बसवा. मी त्यांच्यासाठी डॉक्टरकडे गेले, तर माझ्यावरच केस? मग मी नाही ठेवणार. एक दिवस नाही ठेवणार!" आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. पुढचा सगळा वेळ आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

एवढं होऊनही आम्ही चाचणी घेतली. शब्द होते दिवा, बैल, साबण, डोंगर, रेशीम. आजींनी आमच्यामागे तीनच म्हटले. मग मधली पाच मिनिटं. प्रतीक्षाने मासळीचा विषय काढला आणि आजी एकदम खुलल्या. पापलेट ताजं कसं ओळखायचं ते सांगितलं, कल्ला उघडून दाखवल्यासारखा हात केला, उधार मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली. प्रतीक्षा खदखदून हसली. मीही हसलो. हिला काय झालंय, असं मला मनापासून वाटलं.

"आता आजी, मघाशी मी शब्द सांगितले होते. कोणते होते?"

आजी सावरून बसल्या. पदर नीट केला. तपासणीला साहेब आले की शाळेतली मुलं बसतात तशा.

"छत्री. पेरू. खुर्ची. नदी. पितल."

एकही चूक नाही. म्हणून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे नाही, आजोबांकडे बघितलं. शाबासकीसाठी. आजोबा जमिनीकडे बघत होते.

भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "हे काय?" त्यांनी विचारलं. "हे शब्द कुठले? बाबा? तुम्ही शिकवलंत?"

आजोबा माझ्याकडे वळले. "पेपर बदललास तू," म्हणाले. "सांगितलं नाय, सवरलं नाय. यो धंदा झाला?"

प्रतीक्षाने हळूच विचारलं, "रोज म्हणवून घ्यायचात?"

"मग दुपारचा करायचं काय? दाराला कुलूप. ती हितं, मी हितं. दिवसभर म्हनायची, मग येत नव्हतं तिला, मग रडायची. पन म्हनायची." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "पहिला यो आला," माझ्याकडे बोट केलं, "त्याच्यापुढं नापास झाली. मी बघितलं ना कागदावर, फुल्या मारल्यान. मना वाटलं, पास झाली तर कोन नेनार नाय तिला."

"आणि कुलूप?" मी विचारलं.

"ते मीच लावायला सांगितलंय."

आजोबा सांगत राहिले. आजींना सकाळी जाग आली की बाजार भरल्याचा भास होई. चला, उशीर झाला, पाटी कुठे आहे, असं सुरू होई. आजींनी सांगितलं की आजोबा दार उघडत. आजी सरळ चालू पडत, आणि या गुडघ्याने त्यांच्या मागे धावणं जमत नसे. एकदा भर रस्त्यात गाड्यांच्या मधे उभ्या होत्या, वहिनींनी मनगट धरून ओढून बाजूला आणलं. डाग त्याचा.

"आतून कडी लावून चालत नाय," आजोबा म्हणाले. "मीच उघडतो. जन्मभर तिनं सांगायचं नि मी ऐकायचं. आता एकदम नाय कसं म्हनू? माज्यानं नाय म्हनवत नाय. म्हनून पोरीला बोललो, बाहेरून लाव. म्हंजे माज्या हातात काय राहनार नाय."

वहिनी खाली बसल्या. "सगळी बिल्डिंग मला बोलते," त्या म्हणाल्या. "समोरची पाठीमागे बोलते, माझी आई तोंडावर बोलते. कोंडून ठेवते म्हणतात. आणि तुम्ही इतके दिवस गप्प?"

"तुजं काय नाय जात बोलल्यानं. तू सोसशील," आजोबा म्हणाले. "तिला येडी म्हनले तर ती नाय सोसनार."

आजी आमच्या सगळ्यांकडे बघत होत्या. "झालं काय?" त्यांनी विचारलं. "कोन गेलं?"

तक्रार गेली नाही. मग खरं काम सुरू झालं, ज्यासाठी खरं तर हा कोर्स आहे. आग लागली तर कुलूपबंद घरात दोन माणसं अडकतील, म्हणून बाहेरचं कुलूप काढायला हवं होतं. फरहीनने आजोबांच्या गुडघ्याचे व्यायाम बसवून दिले. दाराला ओढलं की आपोआप लागणारं लॅच बसवलं, त्याचा आतला खटका अगदी वरच्या बाजूला, आजोबांचाही हात पोचणार नाही अशा जागी, आणि हाक मारली की लगेच बाहेरून उघडता यावं म्हणून एक किल्ली समोरच्या काकूंकडे दिली. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे कशाला? मी कोणाच्या मधे पडत नाही." पण किल्ली घेतली, आणि नंतर दिवसातून दोनदा डोकावू लागल्या. सकाळी बाजाराची हाक आली की आजींना पाटीत घालायला काहीतरी द्यायचं, कोथिंबीर निवडायला द्यायची, ही युक्ती प्रतीक्षाची. ती काही दिवस चालली, काही दिवस नाही.

आजोबा माझ्याशी मात्र पुन्हा नीट बोलले नाहीत. बाकीच्यांशी बोलत. मी गेलो की विचारत, "आज कंचा पेपर?" हसत नसत.

बैठकीत ओंकार म्हणाला, "तरी मला सुनेचं पूर्ण पटलेलं नाही. नाही ठेवणार असं म्हणाली ना ती? रागात माणूस खरं बोलतो." फरहीन त्याच्यावर चिडली. खरं सांगायचं तर ते वाक्य मलाही टोचत होतं. एक दिवस नाही ठेवणार. मॅडम म्हणाल्या, "संशय ठेवा. तो चेहऱ्यावर दिसू देऊ नका, एवढंच." मला ते जमत नाही. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

आमचा त्या घराशी संबंध संपला आणि काही महिन्यांत इमारत रिकामी झाली. मी सहज म्हणून गेलो होतो, तर खाली पत्रे ठोकलेले. काकूंचं सामान टेम्पोत चढत होतं. त्या म्हणाल्या, "तांडेल ना? शीळफाट्याकडे गेले, नवीन टॉवरमध्ये भाड्याने. तिथे कोण कोणाला ओळखणार? सून जाताना म्हणालेली, सासूबाईंचं काहीतरी बघायला लागेल आता." आणि मग नेहमीसारखं, "मी काही बोलणार नाही हां."

काहीतरी बघायला लागेल. या वाक्याचा आमच्या विषयात एकच अर्थ होतो. मी वहिनींच्या नंबरावर फोन लावला, तो बंद होता. काकूंना माझा नंबर देऊन ठेवला, कधी बोलणं झालंच तर द्या म्हणून.

त्यानंतरच्या सत्रात आम्हाला वृद्धाश्रम बघायला नेत. ठाण्यातले, टिटवाळ्याच्या पुढचे, काही चांगले, काही नुसते पलंगांच्या रांगा. इतर मुलं संडासातल्या दांड्या आणि दारांची रुंदी मोजत. मी आधी बायकांच्या खोलीत जाऊन प्रत्येक चेहरा बघून यायचो. टिटवाळ्याच्या पुढच्या एका आश्रमातल्या ताईंनी विचारलंसुद्धा, "तुमचं कोणी हरवलंय का?" मी नाही म्हणालो. कोण म्हणून सांगणार होतो? एकदा पाठमोरी एक बाई दिसली, मोठा अंबाडा, पाय सोडून बसलेली. मी पुढे जाऊन बघितलं. त्या कोणी दुसऱ्याच होत्या, त्यांनी मला मुलाच्या नावाने हाक मारली आणि हात सोडेनात.

सापडल्या नाहीत याने बरं वाटायला हवं होतं. पण मला शिकवलंय की न दिसणं हा कशाचाच पुरावा नाही.

सध्या मी कल्याणला वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात उमेदवारी करतो. सकाळी मुलं आईवडिलांना सोडून कामाला जातात, संध्याकाळी घेऊन जातात. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सगळ्यांचा दुपारचा चहा चालू असताना अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ओळखलंत का?" बाईचा आवाज. "तुमची आरोपी बोलतेय. डोंबिवलीची."

मी चटकन व्हरांड्यात आलो. वहिनींनी काकूंना शोधून माझा नंबर मिळवला होता. म्हणाल्या, "बाबा गेले. गणपतीत. बसल्या बसल्या, काही त्रास नाही. तुम्हाला कळवायचं राहिलं."

मी काही बोलावं हे त्यांना अपेक्षितही नसावं, त्या पुढे बोलत राहिल्या.

"फोन त्यासाठी नाही केला. आई रोज विचारतात, हे कुठे गेले. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. रडल्या, खूप रडल्या. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत सांगितलं, तर परत तशाच रडल्या. जसं काय पहिल्यांदाच ऐकतायत. तिसऱ्या दिवशी माझंच तोंड उघडेना. सांगितलं, बाजारात गेलेत. आता रोज तेच सांगते. माझा नवरा म्हणतो, आईला फसवू नको. पाप आहे. तुम्ही शिकलात ना हे? काय करायचं असतं?"

हे आम्हाला शिकवलंय. यावर वर्गात एक अख्खी सकाळ वाद झाला होता. मी चाचरत म्हणालो, "एकदा खरं सांगितलंत, ते बरोबर केलंत. आता पुन्हा पुन्हा नका सांगू. त्यांना ते दुःख रोज नवीन होतं."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून बोलताय?"

"नाही वहिनी. पुस्तकातलंच सांगतोय."

"मग ठीक," त्या म्हणाल्या.

मी धीर केला आणि इतके महिने मनात असलेला प्रश्न विचारला. "वहिनी, आजींना कुठे ठेवलंय?"

"ठेवलंय म्हणजे?" त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला. "दुकान सोडलं मी. कुठे ठेवणार? ह्या काय, माझ्यासमोर बसल्यात. कोलंबी सोलतायत."